विमान लहान, बेट मोठं

२२ नोव्हेंबर १९३५ ची दुपार. कॅलिफोर्नियातल्या अलामीडाच्या खाडीत चार इंजिनांचं एक अजस्र विमान पाणी कापत धावत सुटलं. पोटात एक लाख दहा हजारांहून जास्त पत्रं, टाक्या इंधनाने काठोकाठ भरलेल्या. सान फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचं काम तेव्हा चालू होतं. त्या पुलावरून उडून जायचं ठरलं होतं, पण बोजा इतका होता की कॅप्टन एडविन म्युझिक यांना उंचीच मिळेना. ऐनवेळी त्यांनी विमान पुलाच्या लोंबत्या तारांखालून काढलं आणि पॅन अमेरिकन कंपनीचं ‘चायना क्लिपर’ पॅसिफिक महासागरावर निघालं. सुमारे २१ तासांनी ते होनोलुलूच्या पाण्यात उतरलं. पुढे मिडवे, वेक, ग्वाम असे मुक्काम करत आठवड्याभरात मनिला गाठलं. पॅसिफिक ओलांडून टपाल नेणारी ही पहिली नियमित विमानसेवा.

तिकीट काढून बसणारे प्रवासी पुढच्या वर्षी आले, २१ ऑक्टोबर १९३६ ला. सान फ्रान्सिस्को ते मनिला एका बाजूचं भाडं ७९९ डॉलर. तेवढ्या पैशात त्या काळी नवी कोरी फोर्ड मोटार दारात उभी राहायची. शिवाय हवाईपर्यंतचा पहिला टप्पाच जवळपास ३,८५० किलोमीटरचा आणि खाली सगळीकडे पाणी. वाटेत उतरायला खडकही नाही. इंधनाचं वजन एवढं की या टप्प्यावर मोजक्याच प्रवाशांना बसवता येई.

एवढे पैसे मोजून, एवढी जोखीम पत्करून कोणी का निघावं? या प्रश्नाला विमानकंपन्यांनी आकड्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी चित्रकारांना कामाला लावलं. पुढची तीसेक वर्षं प्रवासी कचेऱ्यांच्या काचांमागे, बंदरांवर, हॉटेलांच्या दिवाणखान्यात जी पोस्टरं झळकली, त्यांनी पॅसिफिकमधल्या बेटांचं एक रूप जगाच्या डोळ्यांत कायमचं बसवलं. ही पोस्टरं आज महागड्या लिलावांत विकली जातात, त्यांच्या नकला हवाईतल्या वाइकीकीच्या दुकानांत टांगलेल्या असतात. पण ती नीट, क्रमाने पाहिली तर त्यांत एक मोठी कहाणी दडलेली दिसते. ती वाचायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक चित्रात विमान कुठे आहे आणि केवढं आहे, तेवढं पाहायचं.

पॉल जॉर्ज लॉलर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅन अमेरिकनसाठी केलेली पोस्टरं घ्या. दक्षिण समुद्रातल्या बेटांचं त्यांचं पोस्टर या साऱ्या परंपरेतलं सर्वांत देखणं म्हणावं लागेल. हिरवेगार उभे डोंगर, खाली निळं पाणी, बेटावरची माणसं आणि या सगळ्यावर अधिराज्य गाजवणारं रुपेरी क्लिपर. इथे नायक विमानच आहे. बेटाचं सौंदर्य त्याला शोभा आणायला उभं केलेलं. कारण तेव्हा कंपनीला आधी उड्डाण विकायचं होतं. एवढं अवाढव्य यंत्र समुद्रावरून सुखरूप जाऊ शकतं, हे लोकांच्या मनात रुजवायचं होतं.

आणि ते सोपं नव्हतं. ११ जानेवारी १९३८ ला सामोआजवळ पॅन अमेरिकनच्या क्लिपरचा हवेतच स्फोट झाला. त्यात सातही कर्मचारी गेले. विमान चालवत होते तेच एडविन म्युझिक. त्याच वर्षी जुलैत ‘हवाई क्लिपर’ ग्वाम आणि मनिलाच्या दरम्यान पंधरा माणसांसह नाहीसं झालं. त्याचा पत्ता कधीच लागला नाही. लॉलर यांच्या चित्रांतला तो शांत, सोनेरी उजेड याच काळातला आहे, हे लक्षात ठेवून पाहिलं की त्या उजेडावर केवढी जबाबदारी होती ते कळतं.

बेटांना चित्रात बसवण्याची कला विमानकंपन्यांनी शोधलेली नाही. ती त्यांना जहाजांकडून मिळाली. हवाईला प्रवासी नेण्यात मॅट्सन ही जहाजकंपनी तेव्हा अग्रेसर होती. १९२७ मध्ये तिने ‘मालोलो’ हे आलिशान जहाज आणलं आणि त्याच वर्षी वाइकीकीच्या किनाऱ्यावर गुलाबी रंगाचं ‘रॉयल हवाईयन’ हॉटेल उघडलं. जहाजही आपलं, हॉटेलही आपलं. मग प्रवाशाच्या हातात पडणारा प्रत्येक कागद देखणा असावा, असा कंपनीचा कटाक्ष होता. जेवणाच्या टेबलावरचं मेनूकार्डसुद्धा चित्रकाराकडून करून घेतलं जाई. फ्रँक मॅकिंटॉश यांची सपाट, झगझगीत रंगांतली मेनूकार्डं प्रवासी घडी न पडू देता घरी नेत आणि चौकट करून भिंतीवर लावत. अमेरिकेतल्या किती तरी दिवाणखान्यांत हवाई पहिल्यांदा पोहोचलं ते असं, जेवणाच्या टेबलावरून.

याच वर्तुळातले जॉन केली १९२३ मध्ये एका जाहिरातसंस्थेच्या कामासाठी वर्षभराच्या बोलीवर होनोलुलूला आले आणि जन्मभर तिथेच राहिले. जाहिराती करता करता ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापचित्रं करायला शिकले आणि बेटावरच्या माणसांची चित्रं काढू लागले. केलींच्या चित्रांतल्या बायकांना स्वतःचा चेहरा आहे. वय आहे, थकवा आहे, विचार आहे. जाहिरातीच्या वर्तुळात वावरूनही माणसाकडे माणूस म्हणून पाहता येतं, याचा हा पुरावा आहे आणि तो वारंवार दाखवायला हवा. कारण बाकीच्या पोस्टरांत तो क्वचित सापडतो.

१९३८ मध्ये मॅट्सनने येल विद्यापीठातले प्राध्यापक यूजीन सॅवेज यांना आपल्या जहाजांसाठी भव्य भित्तिचित्रांचं काम दिलं. सॅवेज यांनी हवाईचा इतिहास रंगवला. राजे, सरदार, मेजवान्या, समुद्राचे उत्सव, कॅप्टन कुकच्या जहाजांचं आगमन, असा सगळा थाट. चित्रं पुरी झाली आणि युद्ध आलं. जहाजांवर सैनिक चढले, चित्रं गुदामात गेली. १९४८ मध्ये मॅट्सनचं ‘लर्लिन’ जहाज पुन्हा प्रवासी घेऊन निघालं, तेव्हा ती मेनूकार्डांच्या मुखपृष्ठांवर अवतरली आणि हवाईच्या कोणत्याही खऱ्या इतिहासग्रंथापेक्षा जास्त घरांत पोहोचली. पुढे तीच नक्षी ‘अलोहा’ शर्टांवरही छापली गेली.

जाहिरातीच्या मागणीपुढे चित्रकार नेहमी मान तुकवत असं मात्र नाही. १९३९ मध्ये अननसाच्या रसाच्या जाहिरातीसाठी डोल कंपनीच्या जाहिरातसंस्थेने चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांना हवाईला पाठवलं. त्या नऊ आठवडे राहिल्या. मळ्याजवळ, कामगारांच्या वस्तीत राहून अननस रंगवायची त्यांची इच्छा होती. बाईमाणसाने तिथे राहणं बरं दिसणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ओकीफ यांना ते अजिबात रुचलं नाही. त्यांनी माउई बेटावरचे धबधबे रंगवले, लाव्हाचे काळे खडक रंगवले, फुलं रंगवली आणि परत आल्यावर संस्थेच्या हाती पपईच्या झाडाचं चित्र ठेवलं. अननसाचा पत्ता नाही. शेवटी संस्थेने अननसाचं एक रोप होनोलुलूहून विमानाने मागवून न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या घरी पोचतं केलं, तेव्हा कुठे जाहिरातीला अननस मिळाला.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि हा सारा खेळ थांबला. वाइकीकीच्या वाळूत काटेरी तारांची कुंपणं उभी राहिली. ‘रॉयल हवाईयन’ नौदलाच्या सैनिकांच्या विश्रांतीसाठी राखून ठेवलं गेलं. वेक बेटावरचा क्लिपरचा तळ बेचिराख झाला.

पण या युद्धानेच पुढच्या गर्दीची पायाभरणी केली. लाखो अमेरिकन तरुणांनी पॅसिफिकची बेटं डोळ्यांनी पाहिली होती. बेटांवर मोठ्या, पक्क्या धावपट्ट्या झाल्या होत्या. चार इंजिनांची लांब पल्ल्याची विमानं कारखान्यांतून बाहेर पडत होती. पाण्यावर उतरणाऱ्या क्लिपरांची आता गरज उरली नव्हती. १ मे १९४७ ला युनायटेड एअर लाइन्सने सान फ्रान्सिस्को ते होनोलुलू सेवा सुरू केली आणि या मार्गावरची पॅन अमेरिकनची मक्तेदारी संपली. मॅट्सननेही स्वतःची विमानं काही काळ उडवून पाहिली, पण सरकारी परवाना मिळाला नाही आणि ती बंद करावी लागली.

दोन कंपन्या एकाच बेटावर, जवळपास सारख्याच विमानांतून, सारख्याच वेळात नेऊ लागल्या. मग एकीने दुसरीपेक्षा वेगळं काय विकायचं? खरी पोस्टरची लढाई इथून पेटली.

१९५० च्या दशकातल्या पोस्टरांत विमान आक्रसत गेलेलं दिसतं. ते वरच्या कोपऱ्यात जातं, ढगांवर टेकवलेल्या ठिपक्याएवढं होतं. मध्यभागी येतो डायमंड हेड डोंगराचा काळसर निळा कडा, लाटेवर तोल सांभाळणारा माणूस, गळ्यात फुलांचे हार घातलेली नर्तिका. लोकांची विमानाची भीती ओसरली होती. आता त्यांना पोचल्यावर काय मिळेल ते दाखवायचं होतं. १९५२ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने विमान टपालासाठी ८० सेंटचं तिकीट काढलं, त्यावरही डायमंड हेडच होतं. पोस्टरवरची आकृती सरकारी शिक्क्यापर्यंत पोचली होती.

युनायटेडची पोस्टरं करणाऱ्यांत दोन नावं महत्त्वाची. सान फ्रान्सिस्कोचे स्टॅन गॅली आणि होनोलुलूत स्थायिक झालेले जोसेफ फेहेर. गॅली मोठ्या, सुबक आकारांचे कसबी. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं तरी चित्र मनात उतरलं पाहिजे, हे त्यांना नेमकं कळत होतं. फेहेर मूळचे हंगेरीचे. हवाईची मोहक चित्रं करता करता ते तिथल्या इतिहासात इतके गुंतले की जुनी रेखाटनं, नकाशे आणि छायाचित्रं गोळा करून त्यांनी हवाईचा चित्रमय इतिहास सिद्ध केला. बिशप म्युझियमने तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच हाताने बेटाची जाहिरातही केली आणि बेटाची दफ्तरंही जपली. फेहेर यांच्याबद्दल विशेष आदर वाटतो तो यासाठी.

या पोस्टरांचं रूप छपाईतून घडलेलं होतं, हेही पाहायला हवं. त्या काळी भिंतभर आकाराचं रंगीत छायाचित्र छापणं महागडं काम होतं आणि ते हवं तसं उठावदारही येत नसे. लिथोग्राफीत किंवा सिल्कस्क्रीनमध्ये प्रत्येक रंग वेगळा छापावा लागे. जेवढे रंग जास्त तेवढा खर्च जास्त. म्हणून चित्रकार पाच-सहा रंगांतच सारा समुद्र उभा करत. सावलीसाठी वेगळा रंग न घेता दोन रंग एकमेकांवर छापून तिसरा मिळवत. बारीकसारीक तपशील गाळून फक्त आकार ठेवत. माडाचं झाड म्हणजे एक वळणदार रेघ आणि पाच-सहा झावळ्या, झालं. आज त्या चित्रांत जी ठाम, स्वच्छ शैली भुरळ घालते तिच्यामागे हा काटकसरीचा हिशेब आहे. चित्रकाराला आणखी एक सोय होती, जी कॅमेऱ्याला नव्हती. त्याला डोंगर उचलून होडीमागे ठेवता येई, समोरचं हॉटेल पुसून टाकता येई, ढग हवे तिथे लावता येत.

पुसून टाकणं हा शब्द इथे जपून वापरायला हवा. कारण या चित्रांनी बरंच काही पुसलं.

वाइकीकीचंच पाहा. पोस्टरांत तिथे अनादि काळापासून वाळू, माड आणि निळं पाणी आहे. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाइकीकी हा पाणथळ भाग होता. डोंगरातून येणारे ओढे तिथे पसरत आणि लोक त्या पाण्यावर अळूची खाचरं करत. अळूचे कंद उकडून, कुटून केलेलं ‘पोई’ हे हवाईयन माणसाचं रोजचं अन्न. नंतर चिनी शेतकऱ्यांनी तिथे भाताची लागवड केली, बदकं पाळली. १९२० च्या दशकात आला वाई कालवा खोदून हे सारं पाणी काढून टाकलं, खाचरं बुजवली, तेव्हा आज दिसते ती वाइकीकी तयार झाली. म्हणजे पोस्टरातलं ते ‘निसर्गरम्य’ ठिकाण लॉलर यांच्या चित्रांपेक्षा फार तर दहा-पंधरा वर्षांनी थोरलं.

फुलांचीही तीच गत. पोस्टरातल्या नर्तिकेच्या कानामागे जे पांढरं-पिवळं फूल असतं, ते मराठी वाचकाला ओळखीचं आहे. तो आपला चाफा. देवळाच्या आवारातला, पानं गळल्यावरही फुलणारा. चाफा मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला. हवाईत तो १८६० मध्ये विल्हेल्म हिलेब्रांड या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणला. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. लालभडक अँथुरियम कोलंबियाचं, १८८९ मध्ये लंडनमार्गे आलेलं. हवाईच्या स्वतःच्या बहुतेक वनस्पती जगात इतरत्र कुठेच आढळत नाहीत. ओहिया लेहुआचा लाव्हावर उगवणारा लाल झुबका, हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरची चंदेरी पात्यांची ‘अहिनाहिना’. पोस्टरांत त्यांना जागा मिळाली नाही. विकायला सोपं होतं ते सगळ्या उष्ण देशांत सारखं दिसणारं फूल.

आणि नाच. हुला हा मंत्र, वंशावळ आणि कथा सांगणारा नाच. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली राणी काआहुमानूने १८३० मध्ये त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. राजा कालाकाउआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात तो पुन्हा उघडपणे मांडला. दहाच वर्षांनी, १७ जानेवारी १८९३ ला, त्याची बहीण राणी लिलिउओकालानी हिला अमेरिकन व्यापारी आणि मळेवाल्यांच्या गटाने पदच्युत केलं. १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटं खालसा केली. पोस्टरवरची हसरी नर्तिका हा सारा इतिहास मागे टाकून आली आहे. तिच्या कमरेचा गवताचा घागरासुद्धा हवाईचा नाही. तो एकोणिसाव्या शतकात गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर आला. हवाईयन लोक ‘ती’ नावाच्या झाडाची रुंद पानं किंवा झाडाच्या सालीचं कापड नेसत.

१९३७ मध्ये वाइकीकीत कोडॅकने हुलाचा विनामूल्य कार्यक्रम सुरू केला. कल्पना होती कंपनीच्या हवाईतल्या व्यवस्थापकाची, फ्रिट्झ हर्मन यांची. पर्यटकांसाठी हुला बहुधा रात्री होई आणि त्या वेळच्या फिल्मवर रात्रीची छायाचित्रं येत नसत. म्हणून हा कार्यक्रम सकाळच्या उन्हात ठेवला. नाच कॅमेऱ्याच्या वेळापत्रकावर बसवला गेला. तो २००२ पर्यंत चालला. त्यात पिढ्यान्‌पिढ्या नाचणाऱ्या बायकांचा मात्र अपमान होऊ नये. त्यांच्यापैकी अनेकींनी घरी, आज्या-मावश्यांकडून खरा हुला शिकून घेतला होता आणि याच मानधनावर तो जगवला.

सगळ्यांत जास्त गाळली गेली ती माणसं. १९४० च्या सुमाराला हवाईच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे होते. उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबायला चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो कुटुंबं आली होती. होनोलुलूच्या रस्त्यावर उतरलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा तेच चेहरे दिसत. पोस्टरात ते जवळपास नाहीतच. प्रत्यक्ष विमानप्रवासातही त्यांना बरोबरीची वागणूक मिळत नसे. त्यावर रडी टाँग या चिनी वंशाच्या होनोलुलूकर प्रकाशकाने १९४६ मध्ये उत्तर काढलं. बेटाबेटांदरम्यान उडणारी स्वतःची विमानकंपनीच उभी केली. ती पुढे ‘अलोहा एअरलाइन्स’ म्हणून नावारूपाला आली आणि २००८ पर्यंत प्रवासी नेत राहिली. हवाईच्या विमानयुगात अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे आणि पोस्टरांच्या देखण्या संग्रहांत ती वाचायला मिळत नाही.

पॅसिफिकच्या दक्षिण भागात मात्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा जमाना थोडा जास्त टिकला. न्यूझीलंडच्या ‘टील’ कंपनीने १९५१ च्या अखेरीस ऑकलंडहून फिजी, सामोआ, कुक बेटं असे मुक्काम घेत ताहितीपर्यंत जाणारा ‘कोरल रूट’ सुरू केला. कुक बेटांतल्या आइतुताकीच्या खाजणात, आकाइआमी नावाच्या चिमुकल्या निर्मनुष्य बेटापाशी विमान इंधनासाठी थांबे. तेवढ्या वेळात प्रवासी किनाऱ्यावर उतरून पोहून घेत. या मार्गाच्या पोस्टरांत जो उथळ, काचेसारखा हिरवट निळा रंग दिसतो, तो तिथे खरोखर आहे. १९६० मध्ये हा मार्ग बंद झाला. त्यावर उडालेलं ‘अरानुई’ विमान ऑकलंडच्या संग्रहालयात आजही पाहता येतं.

१९५९ साल हवाईसाठी दुहेरी ठरलं. २१ ऑगस्टला ते अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं आणि त्याच वर्षी होनोलुलूत जेट विमानं उतरू लागली. पंख्याच्या विमानाने नऊ-दहा तास लागत, ते अंतर पाचेक तासांवर आलं. १९५० मध्ये हवाईला सुमारे ४६ हजार पाहुणे आले होते, १९५९ मध्ये २ लाख ४३ हजार, आणि १९६७ मध्ये हा आकडा ११ लाखांच्या वर गेला. वाइकीकीत उंच इमारतींची रांग उभी राहिली. एके काळी किनाऱ्यावर एकटं उठून दिसणारं गुलाबी ‘रॉयल हवाईयन’ तिच्यात दडून गेलं.

पोस्टरातून विमान आता पूर्णपणे गेलं. कंपनीचं नाव आणि बेटाचं नाव, बस्स. मग चित्रकारही जाऊ लागला. रंगीत छपाई स्वस्त झाली, दूरचित्रवाणी घराघरांत आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅन अमेरिकनने न्यूयॉर्कच्या चेरमायेफ आणि गाइस्मर या संकल्पनकारांकडून नवी मालिका करून घेतली. त्यात कडेपर्यंत पसरलेली छायाचित्रं आणि साध्या, जाड अक्षरांत देशाचं नाव एवढंच होतं. ती पोस्टरं उत्तम आहेत, पण ती वेगळ्या घराण्यातली. १९८५ मध्ये पॅन अमेरिकनने आपले पॅसिफिकचे सगळे मार्ग ७५ कोटी डॉलरना युनायटेडला विकायचा करार केला. १९९१ च्या डिसेंबरात कंपनीच बंद पडली.

या पोस्टरांच्या एका कोपऱ्यात हमखास दिसणारी एक वस्तू अजून राहिली. उलांडीची होडी. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मच्छीमार होडीच्या एका अंगाला लाकडी ओंडका बांधून तोल साधतात, तीच रीत पॅसिफिकमध्ये हजारो वर्षं चालत आली आहे. पोस्टरात ती शोभेपुरती असे, विमानाच्या खाली, जुन्या काळाची खूण म्हणून. पॉलिनेशियाचे, म्हणजे हवाई-ताहितीकडच्या बेटांवरचे लोक अशा होड्यांतून वाऱ्याने भरकटत, योगायोगाने या बेटांवर पोचले असावेत, असं विसाव्या शतकाच्या मध्यात काही अभ्यासक ठामपणे मांडत होते.

हे चित्र बदललं ते जाहिरातीच्याच धंद्यातून बाहेर पडलेल्या एका चित्रकाराने. हर्ब कावाइनुइ काने. वडील हवाईयन-चिनी, आई डॅनिश वंशाची. बालपण काही हवाईतल्या वाइपिओच्या खोऱ्यात, काही विस्कॉन्सिनमध्ये. शिकागोत कलेचं शिक्षण घेऊन ते जाहिरातींची चित्रं काढत होते. फावल्या वेळात संग्रहालयांतून जुन्या पॉलिनेशियन नौकांची मोजमापं, टिपणं शोधत आणि त्या नौका समुद्रात कशा दिसत असतील ते रंगवत. हवाईच्या राज्य कला प्रतिष्ठानाने त्यांच्या नौकाचित्रांचा संच विकत घेतला. त्या बळावर ते जाहिराती सोडून घरी परतले.

१९७३ मध्ये काने, मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी आणि टॉमी होम्स यांनी ‘पॉलिनेशियन व्हॉएजिंग सोसायटी’ स्थापन केली. काने यांनी जोडनौकेचा आराखडा केला. दोन लांब होड्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, लांबी ६२ फूट. नाव ‘होकुलेआ’, हवाईच्या माथ्यावरून जाणाऱ्या स्वाती ताऱ्याचं. ८ मार्च १९७५ ला ती पाण्यात लोटली गेली. पुढच्या वर्षी १ मे रोजी माउईहून ती ताहितीकडे निघाली. होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळही नाही. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पियाइलुग तारे, लाटांची दिशा आणि पक्षी पाहून वाट काढत होते, कारण हवाईत ही विद्या जाणणारा माणूस तेव्हा कोणी उरला नव्हता. ४ जूनला होकुलेआ ताहितीतल्या पापेएतेच्या बंदरात शिरली. तिला पाहायला सतरा हजारांवर लोक जमले होते.

काने यांनी पुढेही आयुष्यभर रंगवलं. त्यांच्या चित्रांतल्या नौकांचे दोर नेमक्या गाठींनी बांधलेले असतात, शिडं वाऱ्याच्या योग्य बाजूला फुगलेली असतात, वल्ही मारणाऱ्यांच्या खांद्यांवर खरा ताण असतो. २००९ मध्ये हवाईला राज्याचा दर्जा मिळून पन्नास वर्षं झाली. अमेरिकन टपाल खात्याने त्यानिमित्त ४४ सेंटचं तिकीट काढलं आणि त्यासाठी चित्र निवडलं ते ८१ वर्षांच्या काने यांचं. लाटेवर स्वार झालेला एक माणूस आणि उलांडीच्या होडीत वल्ही मारणारे दोघं.